काथवटीतला किल्ला

मी काथवट बोलतेय. शाळेच्या निबंधांत तलवार बोलते, पडका बुरूज बोलतो, फाटकी छत्रीसुद्धा बोलते. काथवट बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आम्हा स्वयंपाकघरातल्या वस्तूंना बोलायची सवय नसते. आमच्यासमोर बायका बोलतात, त्याही बहुतेक स्वतःशीच. पण माझ्या पोटात एक निळं कडं उमटलं आहे. ते घासून जात नाही. येणारा-जाणारा बोट लावून विचारतो, हे कसलं? आणि यमुनाबाई उत्तर न देता फडकं शोधायला लागतात. म्हणून मीच सांगते.

माझं लाकूड शिवणीचं. डहाणूच्या एका सुताराने मला तासून तासून पोट दिलं. यमुनाच्या आईने मला तिच्या लग्नात दिलं आणि विहिणीच्या देखत म्हणाली, "हिला भाकरी येत नाही. काथवट तरी धड असू दे." सगळ्या हसल्या. यमुनाही हसली, पण पुढे कितीतरी दिवस पीठ मळताना ते वाक्य स्वतःशी पुटपुटायची.

तशी ती शिकलेली. ट्रेनिंग कॉलेज करून मास्तरीण झालेली. नवरा, श्यामकांत, तलासरीच्या कचेरीत कारकून. म्हणून बिऱ्हाड तलासरीला, हमरस्त्यालगत. सासूबाई, कुसुमबाई, डहाणूची चिकूची वाडी दिराच्या हाती सोपवून नातीसाठी येऊन राहिलेल्या. नात जयमाला अजून पाय धरून उभी राहायची, चालत नव्हती.

यमुनाच्या काळज्या मला तोंडपाठ. "जयमालाचं कपाळ गरम होतं, का माझा हात गार होता? काल दूध नासलं ते माझ्यामुळे का? इन्स्पेक्टर येतील तेव्हा मी आडनाव विसरले तर? माझंच?" असं म्हणून स्वतःच हसायची आणि परत पिठात मुठी रोवायची. काळजीच्या दिवशी भाकरी चांगली व्हायची, कारण पीठ फार मळलं जायचं.

एके दिवशी ती मळतामळता नवऱ्याला शाळेतली गोष्ट सांगत होती. शाळा तलासरीहून झरीच्या वाटेवर, कौलारू दोन खोल्यांची. चौथीला इतिहास शिकवताना तिने वेढ्याचा धडा घेतला होता. शत्रूने गडाला वेढा घातला, गडावरचा दाणागोटा संपला, तरी मावळे डगमगले नाहीत. एरवी मुलं कौलांतून येणारा उजेड मोजत बसतात. त्या दिवशी झरीकडच्या पाड्यावरच्या हिरूने विचारलं, "बाय, मंग ते खात काय?"

"मी म्हटलं, त्यांनी धीर धरला," यमुना म्हणाली. "तर म्हणते, 'त्ये झालं. पन खात काय?'"

"पुस्तकात आहे का?" श्यामकांतांनी विचारलं.

"नाही."

"मग परीक्षेत येणार नाही. सोड."

पण तिने सोडलं नाही. मुठी थांबल्या, पिठातच राहिल्या. ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं होतं, हाताने केलेलं काम मूल विसरत नाही. चौथीने मिळून गड करायचा, तिने ठरवलं. बुरूज, तटबंदी, मावळे, धान्याचं कोठार, सगळं कागदाच्या लगद्याचं. दिवाळीआधी डहाणूला शाळांचं प्रदर्शन असतं, तिथे न्यायचा. मुलं आपापला मावळा करतील आणि तो काय खायचा, तेही शोधून काढतील. तिने एवढं बोलून घेतलं आणि लगेच विचारलं, "जमेल का हो मला?"

"लगदा कशात मळणार?" श्यामकांत म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं.

सकाळी सासूबाईंनी ओट्यावरची मोकळी जागा पाहिली. "काथवट कुठाय?"

"शाळेत नेतेय. थोडे दिवस."

"भाकऱ्या कशात मळू? पदरात?"

"परात आहे ना, आई."

"आणि तो डबा कसला?"

"गव्हाचं पीठ. खळीला. लगदा चिकटून यायला खळ लागते."

सासूबाई खाली बसल्या. "रेशनला उभं राहून माझे पाय मोडले, मूठभर गहू मिळाला. माणसांना पीठ नाही आणि तू कागदाला खायला घालणार?"

त्या वर्षी खरंच तसं होतं. सीमेवर लढाई, दुकानांत धान्य नाही, रेशनला कधी लाल मिलो ज्वारी, कधी तीही नाही. यमुनाने डबा पिशवीत टाकला. मला कडेवर घेतलं. दुसऱ्या कडेवर जयमाला असायची तशीच. आणि निघाली.

माझ्या आयुष्यातले चांगले दिवस विचाराल तर तेच. जुन्या उत्तरपत्रिका फाडून भिजवायच्या, कुटायच्या, त्यात शिजवलेली खळ घालायची आणि माझ्या पोटात मळायचं. भाकरीच्या पिठावर एकाच बाईचे हात असतात. इथे अख्खा वर्ग माझ्यात हात घालायचा. कोणी मावळ्याला नाक करायचं विसरला, कोणी घोड्याला पाच पाय केले आणि म्हणाला, पळतोय ना तो. गड कुठला, त्यावर भांडणं झाली. इतिहासाच्या तासाला कोणी उजेड मोजेना.

"बाई, शत्रू कोण करणार?" एकाने विचारलं. कोणी तयार होईना. शेवटी यमुनाने स्वतः केला. तो इतका गरीब चेहऱ्याचा झाला, की मुलं म्हणाली, ह्याला गडावरच घ्या.

पण मला जे दिसत होतं ते तिला दिसत नव्हतं.

कुठला हात मळायला येतो आणि कुठला पुसून घ्यायला, ते लाकडाला कळतं. कोमट खळ माझ्यात ओतली, की काही बोटं कडेकडेने फिरायची, वर जायची आणि ओली, स्वच्छ होऊन परत यायची. झरीकडच्या पोरांची बोटं. भादवा सरत आलेला, पाड्यावरची कणगी कधीच तळाला गेलेली, भात अजून हिरवा. खळ म्हणजे काय, शिजवलेलं गव्हाचं पीठच की.

हिरू मात्र बोटं चाटत नसे. ती तास संपला की उरलेली खळ पळसाच्या पानात भरून घ्यायची. "घरी मावला करतंय, बाय."

यमुनाला केवढा आनंद! "बघा रे, हिरू घरीसुद्धा सराव करते. शिका जरा." वर्ग हिरूकडे बघायचा. हिरू पानाकडे.

एकदा हेडमास्तर गोविंदराव वर्गावर आले. देशासाठी सोमवारी एक वेळ जेवण सोडायचं, असं सरकारने सांगितलं होतं. त्यांनी भारदस्त आवाजात विचारलं, "सोमवारी रात्री कोण कोण जेवणार नाही?" पाड्यावरच्या सगळ्यांचे हात वर गेले. गोविंदरावांचा ऊर भरून आला. तेवढ्यात हिरूने विचारलं, "गुर्जी, मंगलवारचं पन धरायचं काय?"

सगळे हसले. यमुनाही हसली. मग हसता हसता थांबली, हिरूकडे थोडा वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता कळेल. पण बाहेर पावसाची सर आली, वाळत घातलेले मावळे आत घ्यायची धांदल उडाली आणि ते राहून गेलं.

पावसानेच घात केला. मावळ्यांना बुरशी आली. एका बुरुजात झुरळांनी घर केलं. आणि खळ, करावी तितकी, दुसऱ्या दिवशी कमीच.

"उंदीर," गोविंदराव म्हणाले. "मोरचूद घाला चिमूटभर. पुस्तकं बांधणारे घालतात. बुरशी नाही, कीड नाही, उंदीर तोंड लावणार नाहीत."

मोरचूद म्हणजे तो निळा खडा. चुन्यात कालवून वाडीवाले झाडांना मारतात. डहाणूच्या वाडीतून आला. चिमूट म्हणजे किती, याची यमुनाला काळजी लागली. कमी पडलं तर? प्रदर्शन तोंडावर, एवढी मेहनत, बुरशीने खाल्ली तर मुलांना काय सांगू? तिने एक चिमूट टाकली, थांबली, आणखी टाकली, आणि मनाला बरं वाटावं म्हणून खडाच कुटून घातला. खळ आभाळासारखी निळी झाली.

तिने वर्गाला सांगितलंही. "यात औषध आहे. तोंडाला हात लावायचा नाही. हात राखेने धुवायचे." दोनदा सांगितलं. मुलांनी दोनदा "हो बाई" म्हटलं. हिरू त्या दिवशी नव्हती. आई कुणाच्या तरी गवतकापणीला गेली होती, धाकटीला सांभाळायला हिरू घरी.

दुसऱ्या दिवशी हिरू आली, तर खळ निळी.

"बाय, रंग घातला?"

यमुना त्या वेळी फळ्यावर तटबंदीचं चित्र काढत होती, पाठमोरी. "हं," म्हणाली. एवढंच. खडूचा आवाज चालू होता.

मी काय करणार होते? मी लाकूड आहे. तडकता आलं असतं तर तडकले असते. त्या पोरीने पान माझ्या कडेला टेकवलं, बोटांनी खळ ओढली, आधी थोडी, मग इकडेतिकडे बघून आणखी. पान दुमडलं. निळी, चकचकीत. तिला वाटलं असेल, आज धाकटी खूश होईल.

पुढच्या सकाळी हजेरीत हिरूचं नाव दोनदा पुकारलं गेलं. मागून कोणी तरी म्हणालं, "तिची बहीन निलं ओकते."

यमुनाच्या हातून खडू पडला. ती माझ्याकडे वळली. माझ्या पोटातल्या निळ्याकडे तिने असं पाहिलं, जणू मी ते तिच्यापासून लपवलं होतं. मग एका मुलाला ओरडून विचारलं, "हिरू खळ घरी नेऊन काय करते?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक पोरगी म्हणाली, "पानगी करत, बाय. पानावर थापून विस्तवावर. मीठ लावून ब्येस लागते."

यमुना धावत सुटली. पदर सुटलेला, चपला दारातच. पुढचं मी पाहिलं नाही. तिने ते नंतर माझ्यासमोर इतक्यांदा स्वतःशी सांगितलं आहे, की पाहिल्यासारखंच. पाड्यावर धाकटी पुतळी आईच्या मांडीवर, जयमालाएवढीच. ओठांना निळसर फेस. रानातला कडूकांद्याचा कंद बाधला असं समजून आईने मिठाचं पाणी पाजलेलं. यमुनाने पोर उचलली आणि रस्त्यापर्यंत पळाली. अच्छाडच्या, म्हणजे गुजरातच्या, बाजूने आलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने काही न विचारता डहाणूपर्यंत गाडी हाणली. दवाखान्यात अंड्यातलं पांढरं, दूध, पोट धुणं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" आणि यमुना म्हणाली, "इतिहास." मग भानावर येऊन म्हणाली, "मोरचूद. मी घातलेला."

पुतळी वाचली. हे मी आधीच सांगायला हवं होतं का? पण त्या दिवशी आम्हाला तरी कुठे आधी कळलं होतं?

संध्याकाळी गोविंदराव वर्गात आले. यमुना माझ्यावर वाकून चिंच, राख, वाळू, हाती लागेल त्याने घासत होती.

"बाई, हे मोरचुदाचं बाहेर बोलू नका. पोरांनी उचलून खाल्लं, त्याला आपण काय करणार?"

"मी सांगितलंय डॉक्टरांना."

"सांगितलंत?" त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमची नोकरी जाईल. माझीही."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि राखेची आणखी एक मूठ माझ्यात टाकली. "नाही, जाऊ दे नाही. घरी पैसे लागतात. पण मी काय करू, गुरुजी? सांगून झालंय."

त्या रात्री यमुनाने मला घरी नेलं आणि सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता बोलतील, कागदाला खायला घालण्याबद्दल. त्या जयमालाला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. सकाळी यमुनाच्या डब्याशेजारी कण्यांची पुरचुंडी ठेवलेली होती. "शाळेत पेज करून घाल. चुलीला लाकडं मी बघते," म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

यमुनाला भीती एकाच गोष्टीची होती: पाड्यावरून माणसं येतील. मला तिने परत वर्गात आणलं होतं, तिथे ती रोज दाराकडे बघायची. शिव्या देतील, मारतील, चौकीवर जातील. "आले तर मी काय बोलू?" ती मला विचारायची. "खरं बोलेन. पण खरं बोलताना रडले तर ते नाटक वाटेल. नाही रडले तर दगड वाटेन."

आणि जिव्या आला. हिरूचा बाप. एकटा. काखेत कोंबडी, मागे हिरू, मान खाली. दाराबाहेरच उभा राहिला.

यमुना उठली. "या ना आत. पुतळी कशी आहे?"

"बरी हाय, बाय. पेज पिते." तो आत आला नाही. कोंबडी पुढे केली. "ही घ्या."

"कशाला?"

"पोशीनं, ह्या हिरूनं, चोरी केली ना."

"कसली चोरी?"

"खल नेली. न विचारता नेली. मी मारलंय तिला. दंड म्हून कोंबडी घ्या, पन पोशीला शालेत ठेवा. काढू नका. ती वाचते मला, बसवरचं नाव, दुकानावरचं. काढू नका, बाय."

यमुना उंबऱ्यापर्यंत आली. "अहो, चूक माझी आहे. मी विष घातलं त्यात. बुरशीसाठी, उंदरांसाठी. मला माहीत नव्हतं मुलं खातात. माफी मी मागायची, तुम्ही नाही."

जिव्याने तिच्याकडे समजूतदारपणे पाहिलं, जसं मोठं माणूस घाबरलेल्या पोराकडे बघतं. "असू दे ना, बाय. चोरासाठीच घालतात. वाडीवाले पन घालतात, खाली पडलेल्या फलाला. आमाला म्हाईत हाय. पोशीला समजलं नाय, न्हानी हाय."

"चोरासाठी नाही घातलं!"

"बरं बाय."

"माझ्यावर विश्वास ठेवा. देवाशपथ सांगते."

"ठेवला ना, बाय," जिव्या म्हणाला आणि कोंबडी उंबऱ्यावर ठेवली. पाय बांधलेली कोंबडी फडफडली. "मंग पोशीला बसू दे ना आत?"

त्याने विश्वास ठेवला नव्हता. मला दिसत होतं, यमुनालाही दिसत होतं. तो तिला खोटं ठरवत नव्हता. तिने चोराला धडा शिकवला, तो तिचा हक्कच होता असं मानून तो तिला मोकळी करत होता. वाडीवाल्यांच्या रांगेत त्याने तिलाही उभं केलं होतं, अगदी आदराने. तिने शिव्यांची तयारी केली होती. या आदराची केली नव्हती.

"बस, हिरू," यमुना म्हणाली. कोंबडी तिने परत देऊ केली, तर जिव्या दोन पावलं मागे सरकला. दंड घेत नाहीत म्हणजे पोरीला काढणार, असं त्याला वाटलं. शेवटी तिला ती कोंबडी घ्यावी लागली.

माझ्यात आता पीठ मळणं शक्य नव्हतं. निळं लाकडाच्या रेषांत शिरलं होतं. मग यमुनाने गड माझ्यातच बसवला. मी झाले डोंगर, डोंगराचं खोरं, सगळंच. बाकीचे मावळे तटावर. हिरूला म्हणाली, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तुला येतं. गडावरची माणसं काय खात होती, ते तू कर." हिरूने चिकणमाती घेतली, लगद्याला तिने परत कधी हात लावला नाही. एक बाई केली, ओणवी, कडूकांद्याचे काप करणारी. दुसरी, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात टोपली धरून बसलेली. कडूपणा रातोरात पाण्याबरोबर जातो म्हणून. तटबंदीवरच्या सगळ्या मावळ्यांपेक्षा त्या दोघी मोठ्या झाल्या.

डहाणूच्या प्रदर्शनात एका पाहुण्यांनी त्या बायकांकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या इतिहासात कुठे आहेत?" यमुना पुढे झाली. "पुस्तकात नाहीत," ती म्हणाली, आणि जीभ चावली, आणि तरी पुढे म्हणाली, "पण जेवल्याशिवाय कोणी वेढा सोसत नाही, साहेब." बक्षीस आम्हाला मिळालं नाही. शाळाखात्याची चौकशी आली, गेली. नोकरी राहिली. का राहिली, हे तिला अजून कळलेलं नाही. पाड्यावरून कोणाची तक्रारच नव्हती. तक्रार नसणंच तिला जास्त लागलं.

आता मी चौथीच्या वर्गात खिडकीखाली असते. बुरूज ढासळलेत, शत्रू केव्हाच उंदरांनी नेला, त्या दोन बायका मात्र आहेत. दुपारी आधी पेज होते, मग इतिहास. गोविंदराव बदलून गेले. नव्या हेडमास्तरांना हा क्रम उलटा वाटतो. हिरू सातवी होऊन शिकायला डहाणूला गेली, बस वाचत.

या जूनमध्ये पुतळी पहिलीत आली. यमुनाने तिला माझ्याजवळ आणलं. तिचा हात धरला नाही, नुसतं बोलावलं. "बघ, हा गड तुझ्या ताईने केलाय. लाव हात. मातीच आहे."

पुतळीला त्या दिवसाचं काही आठवत नाही. आठवणार कसं, तेव्हा ती मांडीवरची. तरी तिने माझ्या पोटातलं निळं पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. घरात कोणीतरी शिकवलं असणार: शाळेतल्या कशाला हात लावायचा नाही.

यमुना तिच्याशेजारी खाली बसली. तिने स्वतःचा हात माझ्या निळ्या कड्यावर ठेवला आणि ठेवून दिला.

तुम्हाला एकच मागणं आहे. मला घासू नका, नवं लाकूड लावू नका, रंग तर देऊच नका. हे कडं आहे तसं राहू दे. त्या पोरीचे हात अजून पाठीमागे आहेत. ती ते कधी तरी सोडेल, आणि तेव्हा तिला पहिल्यांदा काय हाताला लागतं, ते मला बघायचं आहे.